मेल्तेमीच्या अमलाखालील किनारा

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांची जी चित्रे प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांतून आपल्यापर्यंत पोहोचतात, त्यांत आकाश निरभ्र असते, पाणी निश्चल असते आणि रंगीत छत्र्यांच्या सावलीत माणसे अंग सैल टाकून पहुडलेली असतात. यांपैकी निरभ्र आकाशाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. जून ते सप्टेंबर या काळात पूर्व भूमध्याच्या मुलखात ढगाचे दर्शन दुर्मीळच असते. निश्चल पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. ग्रीस देशाच्या ऱ्होड्स बेटाच्या अगदी दक्षिण टोकाला प्रासोनिसी नावाचा एक वालुकामय किनारा आहे, आणि तेथे जुलै-ऑगस्टमधील एखाद्या दुपारी जो कोणी छत्री उघडू पाहील, त्याला ती परत आणण्यासाठी बरीच धावाधाव करावी लागेल. असे असूनही, किंबहुना असे आहे म्हणूनच, शिडांची भेंडोळी मोटारींच्या टपांवर बांधून युरोपातील तरुण आणि प्रौढ मंडळी दर उन्हाळ्यात या निर्जन टोकाकडे धाव घेतात. वारा हेच त्या जागेचे धन होय. आणि त्या वाऱ्याचे मूळ शोधीत गेले असता, ज्याची आपल्याला मुळीच अपेक्षा नसते, त्या आपल्याच आषाढ-श्रावणातील पावसापाशी आपण येऊन पोहोचतो.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. ऱ्होड्स हे एजियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यातील, आशिया मायनरच्या किनाऱ्यालगत वसलेले, सुमारे ८० किलोमीटर लांबीचे आणि १,४०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे बेट आहे. त्याच नावाचे तटबंदीचे शहर त्याच्या उत्तर टोकाला असून प्रासोनिसी त्याच्या नेमके विरुद्ध, दक्षिण टोकाला, सुमारे ९० किलोमीटरांवर आहे. पूर्व किनाऱ्याने जाणारा रस्ता लिंडोसच्या कड्यावरील अथेनादेवीच्या मंदिराखालून आणि गेनादी या गावावरून पुढे सरकतो. कातावियाचा लहानसा चौक मागे पडला की झाडे खुजी होत जातात, घरे संपतात, आणि शेवटच्या वळणानंतर समोर जो देखावा उघडतो तो प्रवाशाला क्षणभर नकाशावरील चुकीसारखा वाटतो. ऱ्होड्सची भूमी जेथे संपते तेथून वाळूची एक पट्टी समुद्रात शिरलेली आहे, आणि तिच्या पलीकडच्या टोकाला एक उघडाबोडका खडकाळ डोंगर उभा आहे. तो डोंगर उन्हाळ्यात बेटाशी जोडलेला असतो; हिवाळ्यात पाण्याची पातळी चढली आणि वादळी लाटा सुरू झाल्या की वाळू पाण्याखाली जाते आणि डोंगराचे स्वतंत्र बेट होते. या डोंगराच्या दक्षिणेकडील अंगास १८९० साली बांधलेला दीपस्तंभ आहे. वाळूच्या पट्टीची रुंदी दर वर्षी सारखी नसते. ती किती राहावी याचा निर्णय मागील हिवाळ्यातील लाटा करतात.

या पट्टीवर मध्यभागी उभे राहून दोन्ही बाजूंना पाहिले असता एकाच वाऱ्याची दोन रूपे एकाच वेळी दृष्टीस पडतात. पश्चिमेकडे एजियन समुद्र. तेथे वारा दूरवरून पाणी लोटीत आणतो, आणि उथळ तळ लागताच त्या पाण्याच्या लाटा उभ्या राहून फेसाळत फुटतात. पूर्वेकडे भूमध्य समुद्राची खुली बाजू. तेथेही वारा तितकाच जोराचा, परंतु तो नुकताच वाळू ओलांडून आलेला असल्यामुळे लाट उभी करण्याइतके अंतर त्याला मिळालेले नसते, आणि म्हणून पाण्यावर केवळ बारीक चुण्या उमटतात. लाटेची उंची वाऱ्याच्या वेगावर जशी अवलंबून असते तशीच तो किती लांबवर उघड्या पाण्यावरून वाहत आला यावरही अवलंबून असते, हे समुद्रशास्त्रातील तत्त्व समजावून देण्यास याहून सोयीची जागा सापडणे कठीण. निष्णात खेळाडू पश्चिमेस लाटांवरून उड्या घेतात आणि नवशिके पूर्वेच्या सपाट पाण्यावर तोल सावरीत असतात. जमिनीलगतच्या वाऱ्याबरोबर वाळूचे कण सतत वाहत असतात व पोटऱ्यांना सुयांसारखे टोचतात, त्यामुळे या बाजूकडून त्या बाजूकडे जाणारी माणसे फळी डोक्यावर घेऊन, मान खाली घालून, झपाझप पावले टाकताना दिसतात.

या वाऱ्याला ग्रीक लोक मेल्तेमी म्हणतात. मे महिन्याच्या अखेरीस तो अधूनमधून डोकावू लागतो, जुलै आणि ऑगस्टमध्ये त्याचा पूर्ण अंमल बसतो, आणि सप्टेंबर सरता सरता तो ओसरतो. उत्तर एजियनमध्ये तो ईशान्येकडून, मध्यभागी सायक्लेडीज बेटांवर उत्तरेकडून, आणि ऱ्होड्सपर्यंत येता येता वायव्येकडून वाहतो. म्हणजे संपूर्ण समुद्रावर तो एका मोठ्या कमानीसारखा वळत जातो. त्याचा एक विशेष असा की तो येताना ढग, पाऊस वा वीज यांपैकी कशाचीही वर्दी देत नाही. आकाश स्वच्छ, दृष्टी दूरवर पोहोचणारी, आणि तरी समुद्र पांढऱ्या फेसाने भरलेला, असे विसंगत दृश्य त्याच्या कारकिर्दीत नित्याचे असते. सकाळी तो बहुधा सौम्य असतो, दुपारी चढतो, आणि सूर्यास्तानंतर पुष्कळदा मंदावतो. पण एकदा का त्याने खरा जोर धरला की रात्रीचीही तमा न बाळगता तो सलग काही दिवस वाहतो. ग्रीसमधील बेटांवर वाऱ्याचा वेग नॉटमध्ये किंवा किलोमीटरमध्ये फारसा कोणी सांगत नाही. इंग्रज आरमारातील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट याने १८०५ मध्ये आखलेल्या मोजपट्टीवरून ‘आज सहा बोफोर’, ‘उद्या आठ बोफोर’ असे कॉफीच्या दुकानातला म्हातारासुद्धा बोलतो. सहा म्हणजे ताशी सुमारे ४० ते ५० किलोमीटर आणि आठ म्हणजे ६० च्या वर. वाऱ्याने ठराविक मर्यादा ओलांडली की बंदराचे अधिकारी बोटींना सुटण्यास मज्जाव करतात आणि एका बेटावरचे प्रवासी मुकाट्याने त्याच बेटावर मुक्काम वाढवितात.

आता कारण. वारा हा उच्च दाबाच्या प्रदेशाकडून कमी दाबाच्या प्रदेशाकडे निघतो, परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे तो सरळ न जाता उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो, आणि त्यामुळे कमी दाबाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागतो. उन्हाळ्यात बाल्कन द्वीपकल्पावर आणि मध्य युरोपावर हवेचा दाब तुलनेने अधिक असतो. अनातोलियाचे पठार तापून तेथे दाब उतरलेला असतो. आणि या दोहोंच्या मधोमध एजियन समुद्र सापडतो. दाबातील फरक जितका मोठा, तितका मेल्तेमी जोरकस. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाचा नियम शाळेत आपण पाठ केलेला असतो, की वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता कमी दाबाचा प्रदेश डाव्या हाताला येतो. प्रासोनिसीच्या वाळूवर हा नियम स्वतःच्या देहाने पडताळून पाहता येतो. वायव्येच्या वाऱ्याकडे पाठ केली की तोंड आग्नेयेला होते, आणि पसरलेला डावा हात ईशान्येकडे, म्हणजे बरोबर अनातोलियाकडे निर्देश करतो.

परंतु अनातोलियावरील हा कमी दाब एकटा उभा नाही, आणि येथेच आपल्या मुलखाचा संबंध येतो. उन्हाळ्यात वायव्य भारत आणि सिंध-बलुचिस्तान येथील भूमी तापल्याने जो विस्तीर्ण न्यूनदाब पट्टा तयार होतो, जो अरबी समुद्रावरील बाष्पाने जड झालेली हवा कोकणावर आणि सह्याद्रीवर ओढून आणतो, त्याच पट्ट्याची एक लांबट शाखा इराण आणि इराक यांवरून पश्चिमेकडे पसरत थेट अनातोलियापर्यंत पोहोचलेली असते. एजियनवरील दाबाचा उतार जो तीव्र होतो तो काही अंशी या शाखेमुळे. म्हणजे आंबोलीच्या घाटात ढग अडकवणारी आणि प्रासोनिसीच्या वाळूवर शिडे फुगवणारी दाबव्यवस्था मुळात एकच असून तिच्या पूर्व टोकाला आपण राहतो आणि पश्चिम टोकाला ऱ्होड्स आहे.

हा संबंध केवळ जमिनीलगतच्या दाबापुरताही नाही. १९९६ मध्ये रॉडवेल आणि हॉस्किन्स या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की, भारतीय उपखंडावर मोसमी पाऊस पडताना बाष्पाचे जल होण्याच्या क्रियेत जी प्रचंड उष्णता वातावरणाच्या वरच्या थरांत मोकळी होते, तिचा परिणाम पश्चिमेकडे तरंगरूपाने पसरतो, आणि मध्य अक्षांशांतील पश्चिमी वाऱ्यांशी त्याची गाठ पडली की पूर्व भूमध्यावर हवा वरून खाली उतरू लागते. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते व कोरडी होते; तीत ढग तयार होऊ शकत नाही. म्हणून आपल्याकडे जेव्हा कौलांवरून पागोळ्या गळत असतात तेव्हा ऱ्होड्सवर आठवडेच्या आठवडे थेंब पडत नाही, आणि या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे. येथे एक गैरसमज मात्र टाळावयास हवा. मेल्तेमी हा काही भारताकडून आलेला वारा नव्हे; तो उत्तरेकडील, तुलनेने थंड हवा घेऊन येतो, आणि वरून उतरून तापलेल्या हवेचा उकाडा पुष्कळ अंशी तोच सुसह्य करतो. दोन्ही वाऱ्यांचे कण निराळे, मार्ग निराळे. त्यांना हलविणाऱ्या यंत्रणेचे काही भाग तेवढे सामाईक आहेत.

प्राचीन ग्रीकांना या वाऱ्याच्या कारणांची नव्हे, पण नियमितपणाची पूर्ण जाणीव होती. दर वर्षी ठरल्या काळी येणारे म्हणून त्यांना ते एतेसियन वारे म्हणत, आणि त्यांच्या राजकारणात, व्यापारात व युद्धशास्त्रात या वाऱ्यांचा हिशेब धरलेला असे. मॅसिडोनियाचा राजा फिलिप हा एतेसियन वारे सुरू झाले की अथवा हिवाळा लागला की नेमकी स्वारी करतो, कारण तेव्हा अथेन्सचे आरमार उत्तरेकडे जाऊ शकत नाही, अशी तक्रार डेमॉस्थेनीस या वक्त्याने आपल्या पहिल्या फिलिपविरोधी भाषणात केलेली आहे. इ. स. पू. ४८ मध्ये ज्युलियस सीझर अलेक्झांड्रियात अडकून पडला, आणि एतेसियन वाऱ्यांमुळे आपल्याला तेथून निघता येईना, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. इजिप्तचे धान्य रोमला पोहोचविणाऱ्या जहाजांनाही उन्हाळ्यात हाच वारा तोंडावर येई. सरळ वायव्येकडे जाणे अशक्य झाल्यामुळे ती सायप्रस आणि आशिया मायनर यांच्या किनाऱ्याकिनाऱ्याने वर चढत, ऱ्होड्स गाठीत आणि मग क्रीटच्या आडोशाने पश्चिमेकडे वळत. परतीच्या प्रवासात तोच वारा पाठीशी असल्याने ती थोड्या दिवसांत घरी येत. ऱ्होड्स हे प्राचीन काळी दर्यावर्दी लोकांचे, जकातीचे आणि सागरी कायद्याचे केंद्र बनले, त्याच्या कारणांत वाऱ्याने घालून दिलेल्या या वाटेलाही स्थान आहे. शहराच्या मांद्राकी बंदराच्या धक्क्यावर मध्ययुगातील तीन पवनचक्क्या अद्याप उभ्या आहेत. बोटींतून उतरलेले धान्य तेथल्या तेथे दळून घेण्याची ती तजवीज होती.

एतेसियन वाऱ्यांविषयीचा एक जुना वाद या संदर्भात मोठा उद्बोधक आहे. नाईल नदीला ऐन उन्हाळ्यात पूर का येतो, याचे एक स्पष्टीकरण ग्रीकांत असे प्रचलित होते की, उत्तरेकडून वाहणारे एतेसियन वारे नदीच्या मुखाशी पाणी अडवून धरतात व ते मागे तुंबते. पुढील लेखकांनी हे मत थेलीस या तत्त्वज्ञाच्या नावे घातले आहे. हिरोडोटसने ते खोडून काढले. हे वारे पडलेले असतानाही नाईलला पूर येतो, आणि वाऱ्याच्या तोंडावर असणाऱ्या इतर नद्यांना तो येत नाही, असा त्याचा बिनतोड युक्तिवाद होता. पुराचे खरे कारण म्हणजे इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातील उन्हाळी मोसमी पाऊस. तरीही वारा आणि पूर एकाच वेळी येतात हे थेलीसच्या पक्षाचे निरीक्षण चुकीचे नव्हते. एकाने दुसरे घडते एवढाच त्यांचा तर्क फसला होता. दोन्ही एकाच ग्रीष्मकालीन व्यवस्थेची अंगे आहेत हे समजण्यासाठी वातावरणाचे वरचे थर मोजता येणे आवश्यक होते.

याच वाऱ्यांनी पुढे कोकणाशी प्रत्यक्ष नाते जोडले. रोमन लेखक प्लिनी याने भारताकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा मार्ग दिला आहे. अलेक्झांड्रियापासून नाईलमधून वर कोप्टोसपर्यंत प्रवाहाविरुद्ध जावयाचे, आणि एतेसियन वारे वाहत असता हा प्रवास १२ दिवसांत पुरा होतो, असे तो सांगतो. तेथून उंटांवरून तांबड्या समुद्राच्या बंदरास आणि मग नैऋत्य मोसमी वाऱ्यावर शिडे सोडून भारतास. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पहिल्या शतकातील दर्यावर्दी ग्रंथात भारताकडे जुलैच्या सुमारास निघावे असा सल्ला आहे, आणि तेथील बंदरांच्या यादीत सोपारा, कल्याण व चौल यांची नावे, तर आतील बाजारपेठांत पैठण व तेर यांची नावे येतात. भूमध्याच्या वाऱ्याने नदी चढावयाची आणि अरबी समुद्राच्या वाऱ्याने सागर ओलांडावयाचा, असा हा दुहेरी सौदा होता. सातवाहनकालीन महाराष्ट्रात उतरलेला भूमध्याकडील माल या दोन वाऱ्यांच्या जोडकामावर येथवर आला.

वाफेचे यंत्र आले आणि शिडाचे राज्य गेले. बोटींना वाऱ्याची गरज उरली नाही. उरला तो केवळ अडथळा. बेटांवरील उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या जागा शेतीच्या व वस्तीच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून ओसाड पडल्या, आणि प्रासोनिसी ही त्यांतलीच एक. त्या ओसाड जागांना पुन्हा मोल चढले ते अमेरिकेत झालेल्या एका शोधामुळे. १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील न्यूमन डार्बी याने फळीवर उभे राहून हाताने धरावयाचे शीड तयार केले; १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी सर्व दिशांना झुकू शकणाऱ्या सांध्यावर बसविलेल्या डोलकाठीसाठी एकस्वाचा अर्ज केला, आणि विंडसर्फिंग हा खेळ जगभर पसरला. पुढे इंग्लंडच्या न्यायालयात हे एकस्व टिकले नाही, कारण पीटर चिल्व्हर्स नावाच्या एका इंग्रज मुलाने १९५८ मध्येच हेलिंग बेटावर तशी फळी बनवून वापरली होती हे सिद्ध झाले. १९८४ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. ग्रीसला त्यात १९९६ चे सुवर्णपदक मिळवून देणारा निकोलाओस काक्लामानाकिस हा तेथे इतका लोकप्रिय झाला की २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची ज्योत त्याच्याच हस्ते प्रज्वलित करण्यात आली.

किनाऱ्यावर शीड कसे बांधतात हे एकवार लक्षपूर्वक पाहावे, म्हणजे हा खेळ शक्तीपेक्षा शहाणपणाचा आहे हे ध्यानी येते. कापडाच्या एका कडेला शिवलेल्या लांब खोळीतून डोलकाठी आत सरकवितात. मग बूम नावाची आडवी, वक्र दांडी तिला छातीच्या उंचीवर आवळतात. आणि शेवटी बुडाशी पाय टेकवून, दोन्ही हातांनी, खालची दोरी सर्व शक्तीनिशी ओढतात. या दोरीने ताण दिला की डोलकाठी धनुष्यासारखी वाकते व शिडाच्या वरच्या टोकाची मागील कड सैल पडून फडफडू लागते. नवख्याला ही सैलता दोषासारखी वाटते आणि तो दोरी ढिली ठेवतो. परंतु जोराच्या वाऱ्यात झुळुकीचा आघात येताच हेच सैल टोक उघडून जादा हवा सोडून देते, आणि ते घट्ट राहिले तर सगळा झटका खेळाडूच्या खांद्यांवर येतो. बांधलेले शीड वाळूवर ठेवताना डोलकाठी वाऱ्याच्या बाजूस ठेवावयाची, हा तेथला शिरस्ता. तो मोडणाऱ्याचे शीड क्षणार्धात उलटे होऊन शेजाऱ्याच्या अंगावर जाते, आणि मग कोणत्या भाषेत माफी मागावी हा प्रश्न पडतो, कारण शेजारी जर्मन, पोलिश वा इटालियन यांपैकी कोणीही असू शकतो.

या फळीला सुकाणू नसते. डोलकाठी पुढे झुकविली की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकविली की वाऱ्याकडे वळते. सारे दिग्दर्शन एवढ्यावर चालते. शीड हे केवळ वाऱ्याने ढकलले जाणारे फडके नसून त्याच्या वक्र पृष्ठावरून हवा वाहताना विमानाच्या पंखावर निर्माण होतो तसाच उचल देणारा दाब त्यावर निर्माण होतो, आणि फळीखालचे लहान पर तिला बाजूला घसरू देत नाही. म्हणून आडव्या वाऱ्यात ती सर्वांत वेगाने धावते. वेग वाढला की फळी पाणी कापण्याचे सोडून पाण्यावर चढते आणि तिचा पाण्याशी स्पर्श मागच्या थोड्याशा भागापुरताच उरतो. त्या क्षणासाठी लोक हजारो किलोमीटरांचा प्रवास करतात. वाऱ्याच्या दाबाचे गणित मात्र निष्ठुर आहे. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. २० नॉटच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरवर सुमारे साडेसहा किलो वजनाइतका, तर ३० नॉटला तो जवळजवळ १५ किलो भरतो. त्यामुळे सकाळी सहा-सात चौरस मीटरचे शीड घेऊन निघालेला मनुष्य दुपारी चार चौरस मीटरचे लहान शीड घेऊन पुन्हा उतरतो, आणि प्रासोनिसीच्या वाळूवर दिवसभर शिडे सोडण्याचे व बांधण्याचे काम अखंड चालू असते.

गेल्या पाव शतकात विंडसर्फिंगच्या बरोबरीने काइटसर्फिंगही तेथे स्थिरावले आहे. १९८४ मध्ये ब्रूनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच बंधूंनी हवा भरलेल्या नळ्यांच्या सांगाड्याच्या, पाण्यात पडल्यावरही पुन्हा उठविता येणाऱ्या पतंगाचे एकस्व घेतले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा खेळ रूढ झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील त्याच्या शर्यती मार्सेलच्या भूमध्य किनाऱ्यावर झाल्या. पतंगाच्या दोऱ्या वीस-बावीस मीटर लांब असल्यामुळे जमिनीलगतच्या अडखळत्या वाऱ्यापेक्षा वरचा अधिक एकसारखा वारा त्याला मिळतो. याच दोऱ्या इतरांना घातकही ठरू शकतात, म्हणून दोन्ही खेळांच्या हद्दी निराळ्या आखलेल्या असतात आणि त्या ओलांडणाऱ्याची गय केली जात नाही.

प्रासोनिसीच्या सपाट पाण्यात दडलेला धोका नवागताने आधी समजून घ्यावा. पूर्वेकडील उपसागरात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ पाणी तळ्यासारखे शांत दिसते आणि हवा भरलेल्या गादीवर तरंगणाऱ्या मुलांच्या आईबापांना त्याचा भरवसा वाटतो. पण जसजसे दूर जावे तसतशी लाट वाढत जाते, आणि परत येण्यास वाऱ्याविरुद्ध यावे लागते. पलीकडे थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत अडविणारे काहीही नाही. म्हणून एकट्याने न उतरणे, बचावबोट असलेल्या खेळाच्या शाळेच्या नजरेत राहणे, दोरी तुटली वा शीड फाटले तरी तरंगणारी फळी कधीही न सोडणे, आणि थकवा येण्याच्या आधीच परत फिरणे, हे नियम तेथील शिक्षक पहिल्या तासालाच सांगतात.

वाऱ्याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. पावसाविना वाळलेले पाइनचे रान आणि दिवसेंदिवस न थांबणारा कोरडा वारा यांची सांगड पडली की ठिणगीचा वणवा होण्यास वेळ लागत नाही. जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्सच्या मध्य भागातील डोंगरांत लागलेली आग वाऱ्यासरशी पूर्व किनाऱ्यापर्यंत आली, आणि किओतारी व गेनादी यांच्या परिसरातून सुमारे १९,००० रहिवाशांना व पर्यटकांना रस्त्याने आणि काहींना चक्क समुद्रकिनाऱ्यावरून बोटींनी हलवावे लागले. जो वारा शिडात भरला असता आनंद देतो तोच रानात शिरला असता मुलूख बेचिराख करतो. बेटावरील लोक त्याचे नाव प्रेमाने घेतात, पण त्याच्याविषयी गाफील राहत नाहीत.

मराठी प्रवाशाला या सगळ्याचा व्यावहारिक उपयोग एवढाच की, जाण्याची वेळ हेतू पाहून ठरवावी. ज्याला खेळ येतो आणि पूर्ण जोराचा वारा हवा आहे, त्याने जुलैचा मध्य ते ऑगस्टची अखेर हा काळ धरावा. ज्याला शिकावयाचे आहे, त्याने जून अथवा सप्टेंबर निवडावा व सकाळचे तास साधावेत. ज्याला केवळ पाहावयाचे आहे, त्याने सायंकाळी वाळू ओलांडून दीपस्तंभाकडील पायवाट चढावी. पादत्राणे मजबूत असावीत आणि टोपीला बंद असावा. तेथे चार-दोन खानावळी, खोल्या आणि खेळाच्या शाळा यांपलीकडे वस्ती नाही, याची पूर्वकल्पना असलेली बरी. खेळाची चव घरच्या किनाऱ्यावर आधी घ्यावयाची असेल तर गोव्यातील मोरजी येथे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर पतंग उडविणारे भेटतात. परंतु खारे वारे हे जमीन आणि समुद्र यांच्या दैनंदिन तापण्या-निवण्यातून निर्माण होणारे स्थानिक वारे होत, आणि मेल्तेमीचा विस्तार व चिकाटी त्यांना नाही.

दोन्ही किनाऱ्यांची पंचांगे एकमेकांशेजारी मांडली म्हणजे त्यांचे नाते स्पष्ट होते. १ जूनच्या सुमारास मोसमी पाऊस केरळात उतरतो, आणि त्याच दिवसापासून महाराष्ट्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला ३१ जुलैपर्यंत बंदी असते. ऱ्होड्सच्या दक्षिणेला तेव्हा शाळांची दारे उघडून शिडे बाहेर काढली जात असतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस सारा देश व्यापतो. तिकडे मेल्तेमीचा अंमल पुरा बसतो. नारळी पौर्णिमेला आपले कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करून शांत होण्याची विनंती करतात, तेव्हा प्रासोनिसीवर एकही खोली रिकामी मिळत नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर वायव्य भारतातून पाऊस माघार घेऊ लागतो, तापलेल्या भूमीवरील कमी दाबाचा तो लांबलचक पट्टा विरत जातो, आणि एजियनवरील वाऱ्याचा आधारही त्याबरोबर ढिला पडतो. म्हणून राजस्थानातून पाऊस परत फिरल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि ऱ्होड्सचे तिकीट अजून काढलेले नसेल, तर ते शिडासाठी न काढता पोहण्यासाठी काढावे. समुद्र तेव्हाही उबदार असतो, आणि छत्रीही जागेवर राहते.